पिण्याचं पाणी अंगावर

त्या वर्षी होळी पेटायच्या आधीच नांदेडात उन्हाळा दारात येऊन बसला. एरवी शिवरात्र झाली तरी पहाटे अंगावर गोधडी लागते. त्या वर्षी शिवरात्रीच्या उपासालाच लोकांनी माळ्यावरचे कूलर खाली काढले. कूलर काढला खरा, पण त्यात घालायला पाणी कुठं होतं? नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही खोकल्यासारखा आवाज करून. गल्लीतल्या आंब्याला भरभरून मोहोर आला होता, तो उष्ण वाऱ्यानं करपला आणि गळून गेला. मी शिवणकाम करते. लग्नसराईचे ब्लाउज अंगावर पडलेले, आणि घामेजल्या हातानं रेशमी कापडाला हात लावायची सोय नाही. गिऱ्हाईक बायका 'काय ऊन, काय ऊन' करत यायच्या. मी मनात म्हणायची, ऊन मलाही दिसतंय बाई, तू अस्तर आणलंस का तेवढं सांग.

माझा स्वभाव आधीच तापट. त्यात असं ऊन. अशात एका सकाळी वहिनीचा फोन आला.

"ताई, तुमी या. आव्वा पाणी पिऊन न्हाई राहिल्या."

आव्वा म्हणजे आमची आई. आमचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीकडं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ किल्लारीकडं कामाला असतो, आठवड्याला एकदा घरी येतो. घरात वहिनी आणि आव्वा दोघीच, आणि गोठ्यात एक गाभण म्हैस.

आम्ही लिंगायत. आव्वाच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. लहानपणी दीक्षा झाली तेव्हा ते गळ्यात पडलं, तेव्हापासून ते तिच्या अंगावरून उतरलेलं नाही. सकाळी उठायचं, अंघोळ करायची, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मग पाण्याचा पहिला घोट घ्यायचा, हा तिचा नेम. पूजेआधी तोंडात थेंब नाही. आमच्या बाळंतपणात तिनं तो मोडला नाही, भूकंपाच्या साली सगळं गाव आठवडे उघड्यावर झोपत होतं तेव्हाही मोडला नाही. आम्ही भावंडं झोपेतून डोळे चोळत उठायचो तेव्हा तिची पूजा उरकलेली असायची आणि कपाळावर भस्म वाळलेलं असायचं. त्यामुळं हा नेम कधी कुणाच्या मुळावर येईल असं आम्हाला वाटायचं कारणच नव्हतं.

मी त्याच दिवशी एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीच्या गजाला हात लावला की चटका बसायचा. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तशीच वाळलेली. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, एवढ्या रुंद की शेळीचा पाय अडकावा. शेजारी बसलेले एक म्हातारे सारखं म्हणत होते, "ह्ये फाल्गुनाचं ऊन न्हाई. ह्ये वैशाखाचं ऊन हाय. वाट चुकून आलंय." मला वैशाखाचीच भीती वाटत होती. आत्ताच हे असं, तर पुढं माणसानं जगायचं कसं?

घरी पोचले तर आव्वा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. दुपार कलली होती. ओठांना चिरा पडलेल्या, जीभ टाळूला चिकटत असल्यासारखं बोलणं. आणि तिच्यापासून हाताच्या अंतरावर माठ, काठोकाठ भरलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चप्पलसुद्धा काढली नाही, वहिनीवर सुटले. म्हाताऱ्या माणसाला पाणी देता येत नाही का, अंघोळीला एक बादली ठेवता येत नाही का, असं तोंडाला येईल ते बोलले.

वहिनीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बादली रोज ठेवते ताई. पहाटं आव्वा उठून ती म्हशीम्होरं नेऊन ठेवतेत."

मी आव्वाकडं पाहिलं.

"जनावर हंबरून राहिलंय," आव्वा म्हणाली. "पोटात रेडकू हाय त्येच्या. त्येच्या डोळ्यांम्होरं मी अंगावर पाणी वतून घिऊ?"

"मग ह्या माठातलं घे अंघोळीला!"

"ते प्याचं हाय," आव्वा म्हणाली.

इथं हे सांगायला हवं. गावात तेव्हा पाण्याच्या दोन जाती झाल्या होत्या. बोअर आटल्यापासून टँकर यायचा, त्याचं पाणी खारट, ते वापरायचं. पिण्याचं पाणी निलंग्याहून जारमध्ये यायचं, तेही मोजकं. पिण्याच्या पाण्यानं कपडे धुवायचे नाहीत, भांडी घासायची नाहीत, अंघोळ करायची नाही, हा नियम गल्लीतल्या बायकांनी आपसात घालून घेतला होता. आणि तो घालण्यात सगळ्यात पुढं कोण होतं? आमचीच आव्वा. समोरच्या घरातल्या नव्या सुनेनं जारच्या पाण्यानं केस धुतले, तर आव्वानं भर गल्लीत तिला असं झापलं की पोरगी हुंदके देऊन रडली. त्यामुळं आव्वाला आता मागं फिरता येत नव्हतं.

टँकर आधी सकाळी यायचा. मग दुपारी यायला लागला. आता कधी चारला, कधी दिवस मावळताना. तो येईपर्यंत अंघोळ नाही, अंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून पाणी नाही. आणि पिण्याचं पाणी अंघोळीला चालत नाही. म्हणजे भरल्या माठाशेजारी बसून माझी आई तहानेनं वाळत होती, आणि तिच्या हिशेबानं त्यात चूक कुठंच नव्हती. मी कपाळावर हात मारून घेतला.

वहिनीनं मला गोठ्यात नेऊन बाकीचं सांगितलं. त्या आठवड्यात आव्वा टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडली होती. निलंग्याच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. म्हणाले, मूत्रपिंडावर ताण आलाय, ह्या उन्हात पुन्हा दिवसभर अशा कोरड्या राहिल्या तर आमच्या हातात काही राहणार नाही. सलाइनबद्दल आव्वाला विचारलं तर ती म्हणाली होती, "मी सुदीत नव्हते. त्ये पाप डागदरचं." वहिनी हे सांगताना हसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले. थोड्या वेळापूर्वी तिच्यावर ओरडले होते, आता तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

मी आव्वाला म्हटलं, नांदेडला चल. तर म्हणाली, "म्हैस व्याऊस्तोर न्हाई." मी म्हटलं, म्हैस वहिनी बघेल. तर म्हणाली, "ती काय काय बघंल?" मी शपथा घातल्या, धमक्या दिल्या, जेवण सोडलं. माझं जेवण सोडणं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. हट्टात मी तिची मुलगी आहे, पण ती माझी आई आहे.

शेवटी मी गावातल्या जंगमांना, आम्हा लिंगायतांच्या गुरूंना, बोलावून आणलं. त्यांना सगळे स्वामी म्हणतात. माझा सगळा भरवसा त्यांच्यावर होता, कारण आव्वा ऐकलं तर त्यांचंच ऐकेल. त्यांना पाहताच आव्वा भिंतीला धरून उठली, हात जोडून शरणार्थ केलं आणि वहिनीला म्हणाली, "तांब्या आण, स्वामींचे पाय धुवायचे हायत." माठातलं पाणी! स्वतःच्या घशाला जे नाही, ते पाहुण्याच्या पायावर! स्वामी दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, "धुतले समजा माय. त्ये पाणी तुमी प्या."

मग बसून त्यांनी तिला नीट समजावलं. भस्म लावणं हेही स्नानच आहे, अडचणीला भस्मस्नान करून पूजा करता येते, लिंगाला त्याचं काही वाटत नाही, जीव राखणं हाही धर्मच आहे. आव्वानं हात जोडून सगळं ऐकलं. मला वाटलं, झालं काम.

"स्वामी, रानात असले, वाटंत असले तर भस्म," आव्वा म्हणाली. "घरात टँकरचं पाणी येऊन राहिलंय. उशिरा का हुईना, येतंय. पाणी येत असताना भस्म लावून उरकलं तर ती चालढकल झाली. त्येला काय सांगू मी?" आणि तिनं छातीवरच्या डबीवर हात ठेवला.

स्वामी उठले. जाताना दारात मला म्हणाले, "मला पटलं न्हाई, पर मला बोलता बी येईना." मी त्यांच्यावरही चिडले. त्या दिवशी टँकर आला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. आव्वानं अंघोळ केली, पूजेला बसली. डावा हात असा थरथरत होता की लिंग पडेल म्हणून मी खाली पदर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की बास. आईला मरू देणार नाही. ती रागावू दे, बोलायची बंद होऊ दे, पण ह्या असल्या कारणानं मी तिला मरू देणार नाही. मी आजही म्हणते, दुसरी कुणीही मुलगी असती तरी तिनं हेच केलं असतं.

फटफटतानाच पहिली जीप धरून निलंग्याला गेले आणि टेम्पोत मिळतील तेवढे जार भरून आणले. वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं, ती आव्वाला हाताला धरून महादेवाच्या देवळापुढच्या पारावर बसायला घेऊन गेली होती. मी एकटीनं एकेक जार दारातल्या टिपाडात ओतला. टिपाड काठाला आलं. म्हशीलाही बादलीभर पाजलं, म्हणजे आव्वाला तेही कारण उरणार नाही. रिकामे जार चुलीमागं पोत्याखाली झाकले. आव्वा आली तेव्हा मी पदरानं तोंड पुसत म्हटलं, "तू पारावर होतीस तेवढ्यात टँकर येऊन गेला. म्हशीला पाजलं. जा, अंघोळ कर."

तिनं टिपाडात पाहिलं. म्हशीकडं पाहिलं. तिचा चेहरा असा खुलला की मला भरून आलं. "आज लौकर आला मुडदा," ती टँकरवाल्याला म्हणाली आणि बादली घेऊन न्हाणीत गेली.

मी बाहेर उभी राहून तांब्याचा आवाज ऐकत होते. एक तांब्या, मग दुसरा. मनात मी पुढचे सगळे दिवस आखून टाकले. रोज असंच करायचं, वैशाख काढायचा, पाऊस पडला की मग सांगायचं.

मग आवाज थांबला.

"हिकडं ये," आतून हाक आली.

मी पडदा बाजूला केला. आव्वा पाटावर बसली होती. तिच्या हातांवर, दंडांवर, पोटऱ्यांवर पांढराशुभ्र फेस होता. खाऱ्या पाण्यात साबण नुसता चिकटतो, दह्यासारखा फुटतो, फेस कधी येत नाही. मी शहरात राहून हे विसरून गेले होते.

"ह्या गावच्या पाण्यात साबणाला कवा फेस आलाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, टँकरवाल्यानं दुसऱ्या विहिरीचं आणलं असेल. तिनं तांब्या खाली ठेवला. मग माझा तोल गेला. मी ओरडले, "हो, प्यायचंच आहे! मी विकत आणलंय! माझी आई आहेस तू, तुला काय मी तहानेनं मरू देऊ?"

हे सगळं गल्लीत ऐकू गेलं. आमच्या न्हाणीचं पाणी सरळ गल्लीतल्या नालीत जातं, आणि नालीच्या कडेला एव्हाना टँकरची वाट बघत बायका आपापल्या घागरी मांडून बसल्या होत्या. सकाळपासून टँकर आलाच नव्हता हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांच्या पायांजवळून पांढरा फेस वाहत चालला होता. कुणी काही बोललं नाही. एखादी बोलली असती, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. समोरची ती नवी सून उठली, घरातून घमेलं घेऊन आली आणि आमच्या न्हाणीच्या नळीखाली लावून उभी राहिली. तिचा टोमणा मारायचा विचारही नसेल. भांड्यांना होईल, एवढंच तिच्या डोक्यात असेल. पण न्हाणीच्या झरोक्यातून आव्वानं ते पाहिलं.

तिनं अंगावर आणखी पाणी घेतलं नाही. फेस तसाच लुगड्यानं पुसला. बाहेर आली आणि वहिनीला म्हणाली, "टिपाडातलं त्यास्नी वाटून दे." वहिनीनं वाटलं. बायकांनी मान खाली घालून घागरी भरून घेतल्या. आव्वा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी तिनं ना पूजा केली, ना पाण्याला शिवली. टँकर आला, गेला. मी तिच्या पायथ्याशी बसून होते. तिच्या अंगावर साबण वाळून पांढरे पापुद्रे धरले होते. मला एवढंच कळत होतं की वाचवायला आलेल्या मीच तिला मारलंय. मी भावाला फोन करून बोलावून घेतलं.

सकाळी जाग आली ती तांब्याच्या आवाजानं. आव्वा माठापाशी उभी होती. पारोशी, केस मोकळे, कपाळ कोरडं. तिनं तांब्या बुडवला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायली. पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायली. पाणी हनुवटीवरून डबीवर ओघळत होतं. मी धावत जाऊन तिला मिठी मारली. वहिनीनं चुलीपुढूनच देवाला हात जोडले. मी नांदेडला घरी फोन करून सांगितलं की ऐकलं एकदाचं, आता भीती नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

संध्याकाळी टँकर आला. मी स्वतः बादली भरून न्हाणीत ठेवली. आव्वानं अंघोळ केली. मी पाट मांडला, भस्म ठेवलं, बेलाची पानं ठेवली. ती पाटाला वळसा घालून ओसरीवर जाऊन बसली.

"आव्वा, पूजा?"

"न्हाई."

"का?"

तिनं दोन्ही तळहात पुढं केले, मला दाखवले. "बायांच्या तोंडचं पाणी ह्या हातांनी अंगावर वतून घेतलं," ती म्हणाली. "त्याच हातांवर लिंग कसं धरू?"

मी म्हटलं, पाप माझं आहे, फसवलं मी. ती म्हणाली, "सुदीत होते मी." स्वामी येऊन बसून गेले, भाऊ येऊन रडून गेला. ती कुणावरच रागावली नाही. रागावली असती तर मी पाय धरले असते, भांडले असते. मला तेवढंच येतं.

पुढं म्हैस व्यायली, रेडकू काही दिवसांत गेलं. नांदेडला चल म्हटल्यावर आव्वा पिशवी घेऊन लगेच उठली, 'सुनेचं कसं' असंही म्हणाली नाही. बसमध्ये मी बाटली पुढं केली की प्यायची. थांब म्हटलं की थांबायची. एवढी शहाणी झालेली माझी आई मला पाहवत नव्हती.

आता ती माझ्याकडं असते. ह्याही वर्षी होळीच्या आधीच झळा सुरू झाल्यात, मोहोर गळून गेलाय. डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि म्हणाले, छान, आजींना असंच पाणी देत राहा. नळ आला की मी घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवते. बेलाची पानं आणते, ती वाळतात, मी टाकून देते, पुन्हा आणते. डबी तिच्या गळ्यात आहे. ती उघडत नाही. पूर्वी पहाटेपासून तिला उसंत नसायची. आता उठते, तोंड धुते, पाणी पिते आणि खिडकीशी बसून राहते.

परवा मला राहवलं नाही. मी तिच्यापुढं बसले, हात जोडले, म्हटलं, आव्वा, माझं चुकलं असेल तर मला मार, पण आता घरात पाणी आहे, एकदा तरी कर पूजा. मला ही अशी तू बघवत नाही.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला मी जिती पायजे होते ना?" ती म्हणाली. "हाय की मग."

आणि रिकामा तांब्या माझ्यापुढं धरला, भरून दे म्हणून.